बाबल पेंटरचे अस्तर आणि मी छापलेली नोटीस

मयताचे नाव : बाबल शिवा मेस्त्री, उर्फ बाबल पेंटर. राहणार कुंभारमाठ, तालुका मालवण. व्यवसाय, मोटारगाड्यांचे रंगकाम.
मृत्यूचा वार व ठिकाण : मंगळवार, सकाळची वेळ, राहत्या घराच्या पडवीतील खाट. कारण, श्वासाचा जुना विकार.
साक्षीदार क्रमांक एक : श्रीमती सुनंदा बाबल मेस्त्री, मयताची पत्नी.
साक्षीदार क्रमांक दोन : पास्कू, मासळीच्या टेम्पोचा मालक, मयताचा मित्र.
लिहून देणार : मी, दत्ताराम केशव परब, तहसील कचेरीच्या आवारातील अर्जलेखक. शिक्षण इयत्ता नववी. लोक तात्या म्हणतात.
तक्रार कोणाविरुद्ध : लिहून देणाऱ्याविरुद्ध.

वरील तपशील प्रथम नमूद केला, कारण तीस वर्षे मी याच पद्धतीने लिहीत आलो आहे आणि दुसरी पद्धत मला येत नाही. बाबल गेल्याची खबर पास्कूने आणली. मी तेव्हा एका वारसनोंदीच्या अर्जाचा तिसरा परिच्छेद लिहीत होतो. पास्कूने टेम्पो आवाराबाहेर उभा केला, खाली उतरला नाही, खिडकीतूनच म्हणाला, "तात्यानू, बाबलो गेलो." मी लेखणीला टोपण लावले. माझ्या मनात जो पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता, हे मी येथे शपथेवर सांगतो. पहिला विचार असा आला, की आता तो मला विचारणार नाही... आणि क्षणभर सुटल्यासारखे वाटले. त्या एका क्षणाची लाज मला तेव्हापासून आजतागायत वाटत आहे.

तो काय विचारत असे, ते सांगतो. निधनाच्या आठ दिवस आधी मी त्याला भेटायला गेलो होतो. पाठीला दोन उशा, दर वाक्यानंतर थांबून घेतलेला दम, आणि थिनरने कायमचे पांढरे पडलेले नखांचे कोपरे. वहिनींनी चहा ठेवला. बाबलने मला खाटेच्या कडेला बसायला सांगितले व नेहमीचा प्रश्न केला, "तात्यानू, पेटंटाचो कागद इलो काय?" मी नेहमीचे उत्तर दिले, "नाय अजून. विचाराधीन आसा." तो म्हणाला, "बरा. सरकारचा काम, येळ लागतलोच." वास्तविक तो कागद येणार नव्हता. तो कधीच येणार नव्हता, हे मला सहा वर्षांपासून माहीत होते. आणि तो न येण्याचे कारण मीच होतो.

बाबलची व माझी ओळख अर्जातूनच झाली. कुंभारमाठच्या चढावर त्याने पत्र्याची शेड घातली होती आणि हवेच्या कॉम्प्रेसरसाठी त्याला जादा दाबाची वीज हवी होती. तीन अर्ज फेटाळले गेले होते. चौथा मी लिहिला. त्यात मी वीज मागितली नाही. ती का दिली गेली नाही, याची कारणे लेखी मागितली. पंधरवड्यात खांब उभा राहिला. त्या दिवसापासून बाबलच्या लेखी माझ्या अक्षराला देवळातल्या कौलाइतके वजन आले. मलाही ते आवडत असे, हे लपवण्यात अर्थ नाही. मी नववी शिकलेला माणूस आहे. माझ्या अक्षरापुढे सरकार हलले असे कोणी चारचौघांत म्हणू लागला, की मान आपोआप ताठ होते.

बाबलचे काम इतर पेंटरांहून वेगळे का होते, हे वाचकांच्या माहितीसाठी सांगणे भाग आहे. आमच्या किनाऱ्यावर गाडी बाहेरून जुनी होत नाही, आतून मरते. त्यातही मासळीचे टेम्पो. बर्फ वितळतो, त्यात माशांचे खारे पाणी मिसळते, ते फळ्यांच्या फटींतून खाली झिरपते आणि चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, पोकळ दांड्यांत, दरवाजांच्या पोटांत जाऊन बसते. बाहेरचा रंग चकचकीत असतो. मग एके दिवशी त्यावर लहानसा फोड येतो, पेंटर तो खरवडतो आणि बोट थेट आरपार जाते. इतर पेंटर तेथे पुट्टी भरत, पॉलिश पेपर मारत, वरून रंगाचा हात देत. बाबलला ते पटत नसे. तो म्हणे, ही मढ्याला पावडर लावण्यातली गत झाली. गंज आत आहे, तर औषधही आतच गेले पाहिजे.

औषध त्याने बापाकडून घेतले. त्याचे वडील होड्या बांधत आणि होडीच्या लाकडाला काजूच्या टरफलाचे तेल चोपडत. ते तेल काळे, उग्र, कातडी भाजून काढणारे. बाबल मला म्हणाला होता, "बापूस होडयेक काजीचा त्याल लायी. लाकूड मिठाक भियेना, मग लोखंडान कित्या भियाचा?" या एका प्रश्नावर त्याने चार वर्षे घालवली. तेल मंद आचेवर किती वेळ तापवायचे, फेस कधी बसतो, त्यात जांभ्या दगडाची वस्त्रगाळ पूड किती मिसळायची, पातळ कशाने करायचे... शेडमागे तीन दगडांची चूल होती आणि लोखंडी पत्र्याचे तुकडे दोरीवर माशांसारखे टांगलेले असत. दर रविवारी तो ते तुकडे मालवणच्या राजकोट किल्ल्याखालच्या खडकांत नेऊन खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवी व पुढच्या रविवारी काढी. हाताच्या कातडीची सालपटे निघत. वहिनी खोबरेल लावून देत आणि म्हणत, "माणसा रंगान काळी होतत, हे त्यालान."

पहिला प्रयोग पास्कूच्या टेम्पोवर झाला आणि तो पूर्णपणे फसला. तेल कमी तापले होते. आठ दिवस झाले तरी तेलाचे अस्तर सुकेना. नवव्या दिवशी पास्कू टेम्पो न्यायला आला, अस्तर मारलेल्या मागच्या फळीवर ऐसपैस बसून विडी ओढली आणि उठू लागला, तो उठवेना. मी स्वतः तेथे हजर होतो.

"बाबल्या, मेल्या, ह्या काय लावलंस? माझी पँट तुझ्या त्यालान धरल्यान!"

"उठा नको, उठा नको, फाटतली. पँट काढून घरी जा. टेम्पो हयच आसा."

"आणि बायल विचारीत तर काय सांगू?"

"सांग, आज म्हावऱ्याक गिऱ्हाईक गावाक नाय, पँटीक गावला."

पास्कू अखेर माझ्या पंच्याने कंबर गुंडाळून घरी गेला. दुसरा कोणी असता तर पुन्हा चढावर फिरकला नसता. पास्कू दुसऱ्या महिन्यात परत आला आणि म्हणाला, "कर परत. पण या खेपेक मी उभोच रवतलंय."

त्या खेपेस अस्तर सुकले. ते पोकळ दांड्यांच्या आत पोहोचवण्यासाठी बाबलने जुन्या फ्रिजची तांब्याची नळी घेतली, तिचे टोक बुजवले आणि टोकापासून वीतभर अंतरात बाजूने बारीक भोके पाडली. चासीला मुळातच असलेल्या भोकातून नळी शेवटपर्यंत सारायची, कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि मनगट फिरवत हळूहळू बाहेर ओढायची. आत चहूबाजूंनी अस्तर बसते. दोन पावसाळे पास्कूचा टेम्पो फोंडाघाट चढून कोल्हापुरास मासळी घेऊन गेला. तिसऱ्या वर्षी बाबलने माझ्यासमोर दरवाजाचे पोट कापून दाखवले. आतला पत्रा कोरा होता. बाबल बराच वेळ त्या कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला.

येथून माझा गुन्हा सुरू होतो.

देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतचे टेम्पोवाले येऊ लागले. पास्कूने सुचवले, की बाबल्या, ह्येचो हक्क लिवन घे, नायतर उद्या दुसरो कोण माझाच म्हणात. बाबल त्याच संध्याकाळी माझ्याकडे आला. पेटंट हा शब्द मला ठाऊक होता. त्याची रीत ठाऊक नव्हती. परंतु ठाऊक नाही, असे म्हणण्याची मला सवय नव्हती. जमिनीच्या व्यवहारात हक्क पक्का करायचा तर प्रथम जाहीर नोटीस द्यावी लागते : अमुक मिळकत अमुक इसमाच्या मालकीची असून कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे. मुदतीत हरकत आली नाही, की मार्ग मोकळा. शेकडो नोटिसा मी लिहिल्या होत्या. जमिनीला जे लागू, ते शोधालाही लागू असणार, असे मी गृहीत धरले आणि बाबलला तसे अधिकारवाणीने सांगितले.

मसुदा त्यांच्या पडवीत बसून केला. मिळकतीच्या नोटिशीत चतुःसीमा अचूक लागतात; म्हणून मी शोधाच्याही चतुःसीमा मागितल्या. तेल किती, पूड किती, चूल किती वेळ, नळीची भोके केवढी, सर्व. बाबल सांगत गेला, मी लिहीत गेलो. एका जागी तो अडला. तेल तयार झाले हे ओळखायचे कसे? तो फणसाच्या पानावर थेंब टाकी, गार झाल्यावर दोन बोटांत धरून ओढी. तार अर्ध्यात तुटली तर तेल तयार, लांबली तर कच्चे, तुटलीच नाही तर जळके. हे सांगून तो म्हणाला, "तात्यानू, ह्या लिवकच होया काय? ह्या माझ्या बोटातला आसा."

मी म्हटले, "वर्णन अपूर्ण राहिले तर नोटीस लंगडी पडते."

सुनंदा वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. "तात्यानू, घरातला सगळा पेपरात कित्या घालतास?"

मी त्यांना जे उत्तर दिले, ते शब्दशः देतो. मी म्हणालो, "वहिनी, कायद्याच्या कामात बायकांनी बोलू नये." बाबल मध्ये पडला, "गो, तात्यांनी आमका लाईट आणून दिली. ते काय चुकतले?" वहिनी पुन्हा तांदूळ निवडू लागल्या.

नोटीस आमच्या भागातील एका साप्ताहिकात चौकटीत छापून आली. पंधरा दिवसांत कोणाचीही हरकत आली नाही. कशी येणार? ज्याला वाचायचे त्याने ते कापून ठेवले असणार. बाबलने कात्रणाला प्लास्टिक चढवून शेडमध्ये लावले. गाडी सोडायला येणारा प्रत्येक जण त्याचा फोटो काढी आणि बाबल अभिमानाने बाजूला सरकून त्यांना जागा देई.

त्यानंतर मी इंग्रजी अर्ज टंकित करून घेण्यासाठी सावंतवाडीस एका वकिलांकडे गेलो. वय माझ्या निम्मे. त्यांनी कात्रण वाचले, पुन्हा वाचले आणि विचारले, "हे अर्ज करायच्या आधी छापलंत?"

"होय. नोटीस आधीच द्यायची असते."

"जमिनीला, तात्या. शोधाला नाही. शोध नवा लागतो. जे तुम्हीच सगळ्या जगाला कृतीसकट सांगून टाकलंत, ते आता एकट्या बाबलचं, असं कसं म्हणणार?"

काही वाट आहे काय, असे मी विचारले. ते म्हणाले, प्रयत्न म्हणून अर्ज करता येईल, पण त्यात अर्थ दिसत नाही. मग, कदाचित माझा चेहरा पाहून, ते समजुतीच्या सुरात म्हणाले, की काजूचे तेल जुनेच आहे, पोकळीत अस्तर मारण्याच्या नळ्याही बाहेरदेशी असतील. पेटंट मिळालेच असते असे नाही. "पण विचारता तरी आलं असतं," असे ते पुढे म्हणाले. परतीच्या एसटीत फाइल मांडीवर घेऊन मी हे वाक्य कुडाळपर्यंत मनात घोळवले. मिळाले असते की नसते, हे आता कोणालाच कळणार नाही. तो प्रश्न विचारण्याची सोयच मी शिल्लक ठेवली नव्हती.

बाबल चढावर माझी वाट पाहत उभा होता. अंगावर रंगाचे शिंतोडे, गळ्यात नाकाला बांधायचा पंचा. मी खरे बोलायचे ठरवून उतरलो होतो. त्याने विचारले, "झाला?" आणि माझ्या तोंडून निघाले, "विचाराधीन आहे." माझ्या धंद्यातला तो सर्वांत सोयीचा शब्द आहे. त्यात खोटे काहीच नसते आणि खरेही काही नसते...

तो शब्द मी सहा वर्षे वापरला. दरम्यान ते अस्तर किनाऱ्यावर सर्वत्र पसरले. कात्रणाचा फोटो पेंटरांच्या मोबाइलवरून मोबाइलवर फिरत गेला. पुढे पुढे त्यातला बाबलच्या नावाचा वरचा भाग कोणी कापला आणि नुसती कृती फिरू लागली. अनोळखी पेंटरांचे फोन येत, तार लांबते, काय करू? बाबल प्रत्येकाला चुलीची आच समजावून सांगे. मी एकदा त्याला अडवले, तर म्हणाला, "त्यांचे टेम्पो काय लोखंडाचे नाय?"

एक दिवस तो तयार अस्तराचा एक डबा घेऊन कचेरीच्या आवारात आला. एका कंपनीचा तो डबा बाजारात नवा आला होता. त्याने माझ्या टेबलावर झाकण उघडले. "तात्यानू, वास घ्या. आमचीच काजी." तो खरोखर हसत होता. "आता आपलो कागद इलो काय हेंका एक पत्र धाडूया. पण गोड भाषेत लिवा हां. शिकलेली माणसा आसत." डब्यावर कोणाचे नाव होते, ते मी येथे लिहीत नाही. त्यांनी काही चोरले, असे माझे म्हणणे नाही. कदाचित त्यांनी स्वतःच शोधले असेल. आणि वाचून केले असेल, तरी जे मी छापून सर्वांस कळवले ते वाचणे हा गुन्हा होत नाही. त्या दिवशी मला सांगता आले असते. आवारात कोणी नव्हते, बाबल खुशीत होता, आणि त्याने मला माफ केले असते याबद्दल मला आजही शंका नाही. तेच मला नको होते. त्याने माफ केले असते, पण पुन्हा कधी "तात्यांनी लिवला म्हणजे झाला" असे म्हटले नसते. एवढ्या एका वाक्याच्या मोहापायी मी एका जिवंत माणसाला सहा वर्षे पोस्टमनची वाट पाहायला लावली.

बाराव्याच्या दिवशी जेवणे आटोपल्यावर वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तात्यानू, तो कागद इलो तर हयच येतलो मा? हेंच्या नावान इलो तर पोस्टमन परत न्हेतलो काय?" मी म्हणालो, मी पोस्टात सांगून ठेवतो. घरी येऊन मी कोरा कागद पुढे घेतला.

हा मजकूर मी तीन वेळा लिहिला. पहिल्या दोन्ही वेळा त्यात माझा दोष वकिलांवर, कायद्यावर, काळावर वाटून दिला होता. ते कागद फाडले. तिसरा लिहून झाल्यावर तो त्याच साप्ताहिकाच्या संपादकांकडे न पाठवता गेल्या गुरुवारी कुंभारमाठला गेलो. वहिनी शेडमध्ये होत्या. तेथे दाराशी एक लाकडी खांब आहे. गाडीवर रंग फवारायची गन लावण्याआधी बाबल त्या खांबावर एक फवारा मारून पाही. वर्षानुवर्षांच्या फवाऱ्यांनी तो मांडीएवढा जाड झाला आहे आणि जेथे टवका उडालेला आहे तेथे लाल, पांढरा, निळा, पुन्हा पांढरा असे थर दिसतात. त्याला टेकून वहिनी थिनरमध्ये गन धूत बसल्या होत्या. शेड महिनाभर बंद होती. गन कोणी वापरलेली नव्हती. मी पाहत राहिलो तेव्हा त्याच म्हणाल्या, "रोज धुवक होयी. नायतर तोंड धरता, असा हे सांगायचे."

मी उभ्यानेच सर्व वाचून दाखवले. त्यांनी एकदाही मध्ये थांबवले नाही. बायकांनी बोलू नये, हे वाक्य आले तेव्हा हात क्षणभर थांबला, इतकेच. वाचून झाल्यावर मी विचारले, हे छापू काय? त्यांनी गनची सुई पुसून दिव्यासमोर धरली, डोळा बारीक करून पाहिली आणि म्हणाल्या, "तेव्हा मी नको म्हटलंय, तर छापलात. आता मी छापा म्हणतंय, तर छापा."

"आणि माझ्याबद्दल?"

"ता मागीर सांगान. पयला ह्या काम आटपूंदे."

मी थोडा वेळ थांबलो. काम आटपले नाही. मग निघालो.

सबब, हे अस्तर वापरणाऱ्या सर्व पेंटर बंधूंस विनंती, की ते मारताना गिऱ्हाइकास हे बाबल पेंटरचे, एवढे सांगावे. त्यास कोणत्याही कागदाची गरज नाही.

आणि श्रीमती सुनंदा बाबल मेस्त्री यांस नम्र विनंती, की सदर प्रकरणी आपला जो काही निर्णय होईल तो आपल्या सवडीने कळवावा. मी तुमच्या पडवीत पुन्हा पाय ठेवावा किंवा ठेवू नये, हे त्यात स्पष्ट असावे. आपण कचेरीपर्यंत येण्याची तसदी घेऊ नये. पास्कूकडे नुसता निरोप द्यावा, मी चढाखाली येऊन उभा राहीन. आपण जे बोलाल ते मी जसेच्या तसे उतरवून घेईन, आणि माझ्या पदरचा एक शब्दही त्यात घालणार नाही.

उत्तराच्या प्रतीक्षेत,
दत्ताराम केशव परब